कर्जत-खालापूर परिसरातील सार्वजनिक झरे

कर्जत-खालापूर परिसरातील सार्वजनिक झरे हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि पायथ्याशी जमिनीतून आपोआप वाहणारे, समाईक वापरातले पाण्याचे स्रोत आहेत. गावकरी, वाटसरू आणि गुरे या सर्वांचा त्यांवर वावर असतो. यांतील काही झरे रस्त्याच्या कडेला असून तेथे येणारे-जाणारे लोक थांबून पाणी भरतात. काही झरे डोंगरातील आदिवासी वाड्यांजवळ असून तेथील कुटुंबांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा दुसरा आधार नसतो. या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही मार्च ते जून या काळात अनेक वाड्यांत टंचाई असते आणि झऱ्यांचे महत्त्व या विसंगतीतून आलेले आहे.

नावे व स्वरूप

बोलीभाषेत पाण्याच्या उगमाला त्याच्या स्वरूपानुसार वेगवेगळी नावे आहेत. खडकाच्या भेगेतून धार धरून पडतो तो झरा आणि जमिनीतून बुडबुड्यांसह वर येतो तो उमाळा. धार न धरता भिंतीवरून किंवा बांधातून नुसता ओलावा निथळत असेल तर त्यास पाझर म्हणतात. नदी किंवा ओढा कोरडा पडल्यावर त्याच्या पात्रातील वाळू उकरून केलेल्या खड्ड्याला डवरा म्हणतात. डवरा हा खऱ्या अर्थाने झरा नव्हे. वाळूखालून वाहणाऱ्या पाण्याला माणसाने दिलेली ती वाट असते. मात्र एप्रिल-मे महिन्यांत झरा आटला की पुष्कळ वाड्यांचा पाणवठा डवऱ्याकडे सरकतो. त्यामुळे या दोहोंचा विचार एकत्र करावा लागतो.

किल्ल्यांवरील खोदीव टाक्यांची गणना बहुधा झऱ्यांत होते, पण ते सरसकट बरोबर नाही. कोथळीगड, पेब (विकटगड) आणि इरशाळगड या परिसरातील किल्ल्यांवर कातळात कोरलेली टाकी आहेत. त्यांतील काही पावसाचे पाणी साठवतात, तर काहींना कातळातील भेगेतून पाझर असतो. लागूनच असलेल्या सुधागड तालुक्यात पालीजवळ उन्हेरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. त्यांचे पाणी खोल भूगर्भातून येते. कर्जत-खालापूरचे गोड्या थंड पाण्याचे झरे त्यांहून वेगळे असून ते वरच्या डोंगरावर मुरलेल्या पावसाच्या पाण्यावर चालतात.

भूशास्त्रीय कारणे

हा सर्व प्रदेश दख्खनच्या ज्वालामुखीय खडकाचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. प्रत्येक थराचा खालचा व मधला भाग घट्ट असतो, तर वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी तयार झालेल्या पोकळ्या असतात आणि तो लवकर झिजतो. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पातळ पट्टा आढळतो. बोरघाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यावर असे पट्टे प्रवाशाला सहज दिसतात.

पावसाचे पाणी वरच्या सच्छिद्र भागातून व भेगांतून खाली उतरते. घट्ट थर किंवा तांबडा पट्टा लागला की त्याला खाली जाता येत नाही आणि ते आडवे सरकू लागते. डोंगराचा उतार जेथे हा थर छेदतो तेथे पाणी बाहेर पडते. त्यामुळे एका डोंगरावरील अनेक झरे जवळजवळ एकाच उंचीवर ओळीने आढळतात. अनुभवी माणसे एक झरा पाहून त्याच पातळीवर पुढे दुसरा शोधतात, त्याचे कारण हेच. खडकातील उभ्या भेगा आणि लाव्हाच्या उभ्या भिंती हेही पाणी अडवून एका जागी बाहेर काढतात.

रस्त्याच्या कडेच्या झऱ्यांची उत्पत्ती बहुधा अशीच, पण माणसाच्या हातून झालेली असते. घाटरस्ता करताना डोंगराची कूस कापली जाते आणि आत आडवे सरकणारे पाणी कापलेल्या भिंतीतून बाहेर येते. अशा ठिकाणी कोणीतरी बांबूची पन्हळ किंवा लोखंडी नळीचा तुकडा खोचतो आणि काही वर्षांत ती जागा पाणी भरण्याची जागा म्हणून ओळखली जाते. पाणी खडकातून येत असले तरी वरच्या अंगाला काय आहे, हे रस्त्यावरून दिसत नाही. अशा झऱ्यांबाबत ही मुख्य अडचण आहे.

झऱ्याच्या जवळ उंबर, जांभूळ, करंज अशी झाडे आढळतात. झाडांवरून भूजल ओळखण्याची कल्पना जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ या प्रकरणात जांभूळ, उंबर इत्यादी झाडे व वारुळे यांच्या स्थानावरून पाण्याचा ठाव सांगितला आहे. त्यातील अंतरांचे व खोलीचे ठोकताळे आजच्या कसोटीला उतरतीलच असे नाही. पण उन्हाळ्यातही हिरवे राहणारे झाड म्हणजे मुळांना पाणी, एवढी गोष्ट वाडीतील कोणीही सांगेल.

हंगाम आणि पाण्याचे माप

जून ते सप्टेंबर या काळात उतारावर जागोजागी पाणी फुटते. त्यातील बहुतेक झरे दिवाळीनंतर बंद होतात. जे वर्षभर चालतात त्यांना बारमाही म्हटले जाते, पण बारमाही झऱ्याची धारही उन्हाळ्यात फार बारीक होते. झऱ्याची योग्यता ठरवण्यासाठी पावसाळ्यातील नव्हे, तर मे महिन्याच्या अखेरचे माप महत्त्वाचे असते.

हे माप कोणालाही घेता येते. ठरावीक आकाराचे भांडे धारेखाली धरून ते भरण्यास लागणारा वेळ मोजला की झाले. पंधरा लिटरचा हंडा अर्ध्या मिनिटात भरत असेल तर झऱ्याची आवक मिनिटाला ३० लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर होते. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने एवढे पाणी सुमारे ७८५ माणसांना पुरेल. हाच हंडा मे महिन्यात भरण्यास पाच मिनिटे लागत असतील तर आवक मिनिटाला ३ लिटर, दिवसाला ४,३२० लिटर आणि पुरणारी माणसे ७८.

परंतु हे गणितही साठवण असेल तरच खरे. टाकी नसलेल्या झऱ्यावर रात्रीचे पाणी वाहून जाते आणि लोकांना धारेच्या वेगाने थांबावे लागते. चाळीस कुटुंबांची वाडी, प्रत्येकी चार हंडे आणि हंड्याला पाच मिनिटे असे धरल्यास १६० हंड्यांना ८०० मिनिटे, म्हणजे सव्वातेरा तासांहून अधिक वेळ लागतो. टंचाईच्या काळात स्त्रिया पहाटे तीन-चार वाजता किंवा रात्री कंदील घेऊन झऱ्यावर का जातात, याचे उत्तर या भागाकारात आहे. शाळकरी मुलींची सकाळ आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईचा अर्धा रोज याच रांगेत खर्ची पडतो.

याच आकड्यांची दुसरी बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. मिनिटाला ३ लिटर या आवकेचा झरा फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत सुमारे ५ लाख १८ हजार लिटर पाणी देतो. वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात एवढे पाणी केवळ १७३ चौरस मीटर जमिनीवर, म्हणजे एका मोठ्या घराच्या अंगणावर पडते. त्यामुळे पाऊस कमी पडतो, हे या भागातील टंचाईचे कारण नव्हे. उभ्या उतारावरून पाणी काही तासांत ओढ्याला मिळते आणि खडकात साठवण थोडी असल्याने ते टिकत नाही.

पाणी भरण्याची रीत

झऱ्यावर जाण्यासाठी पितळी, स्टीलचे किंवा हल्ली प्लास्टिकचे हंडे, कळशा आणि डबे नेले जातात. डोक्यावर कापडाची चुंबळ, तीवर एकावर एक दोन हंडे आणि कमरेवर कळशी, असा एका खेपेचा भार असतो. पंधरा लिटर पाण्याचे वजन पंधरा किलो असते. त्यामुळे दोन हंडे व कळशी घेऊन चढ चढणारी स्त्री पस्तीस-चाळीस किलो वाहते. खाली दरीत असलेल्या झऱ्यावरून परतताना भरलेल्या भाराने चढ चढावा लागतो, ही डोंगरवाडीची खास अडचण आहे.

धार बारीक असेल तर खडकाला सागाचे पान किंवा केळीची साल चिकटवून तिला टोक दिले जाते, म्हणजे पाणी दगडावर न पसरता भांड्यात पडते. खळग्यात साचणारे पाणी करवंटीने किंवा वाटीने हळूहळू उपसतात. घाई केली तर गाळ उठतो आणि पुढचीला थांबावे लागते. हंड्याच्या तोंडावर पदर किंवा फडके धरून पाणी गाळण्याची पद्धत सर्वत्र आहे. रांगेत माणसाऐवजी रिकामा हंडा ठेवला तरी नंबर लागलेला मानला जातो. आजारी किंवा बाळंतिणीच्या घरचा हंडा पुढे घेण्याचा संकेत पुष्कळ ठिकाणी पाळतात. पाणी फार कमी झाले की प्रत्येक घराला ठरावीक हंडे, असे वाटप होते. हे नियम कोठेही लिहिलेले नसतात आणि त्यांवरून भांडणेही होतात.

जुन्या पाणवठ्यांवर वापराचे टप्पे ठरलेले असतात. सर्वांत वर, जेथे पाणी खडकातून निघते, तेथे फक्त पिण्याचे पाणी भरायचे. त्याखाली अंघोळ व कपडे. आणि त्याहून खाली गुरे. हा क्रम बिघडला की झरा बिघडतो. उगमाजवळ दगड मांडून साती आसरांची स्थापना केलेली अनेक ठिकाणी दिसते. जलदेवतांच्या भीतीमुळे म्हणा किंवा आदरामुळे म्हणा, तेथे चप्पल घालून जाणे किंवा घाण करणे निषिद्ध मानले जाते.

डोंगर उतारावरील वाड्यांत प्रामुख्याने ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी समाजाची, तर काही ठिकाणी धनगरांची वस्ती आहे. कातकरी ही केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून नोंदलेली आहे. तिच्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसा भट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे झरा अगदी कमी असतो तेव्हा कातकरीवाडी अर्धी रिकामी असते. टंचाईची पाहणी त्या दिवसांत झाली तर गरजेचा आकडा प्रत्यक्षाहून कमी भरतो.

माथेरानचे झरे

कर्जत तालुक्यातील माथेरान हे सुमारे ८०० मीटर उंचीवरील पठार झऱ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत अधिक नोंदलेले ठिकाण आहे. ठाण्याचा तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट हा १८५० साली या डोंगरावर चढला आणि त्यानंतर तेथे युरोपीय वस्ती सुरू झाली. डोंगरावर थंड हवेचे ठिकाण वसवताना पहिला प्रश्न पाण्याचा होता. पठाराच्या कडेला असलेल्या झऱ्यांपैकी दोन मॅलेट आणि हॅरिसन यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. अर्थात, हे झरे शोधले गेले असे म्हणणे एकांगी आहे. डोंगरावरील व उतारावरील ठाकूर व धनगर त्यांचे पाणी आधीपासून वापरत होते.

माथेरानचा माथा तांबड्या, लोहयुक्त सच्छिद्र थराचा असून त्याखाली काळा पाषाण आहे. दाट जंगल व हा थर यांमुळे पाणी मुरते आणि पठाराच्या कडेवर बाहेर पडते. वस्ती वाढल्यावर झरे अपुरे पडू लागले आणि बांध घालून तयार केलेला शार्लोट तलाव पाणीपुरवठ्याचे मुख्य साधन झाला. पुढे नेरळजवळ उल्हास नदीतून पाणी वर चढवण्याची व्यवस्था झाली. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान छोट्या रेल्वेवर जुम्मापट्टी व अमन लॉज यांच्या दरम्यान ‘वॉटर पाईप’ नावाचे स्थानक आहे. डोंगरावरील वाहतुकीत पाण्याला किती महत्त्व होते, ते या नावावरून कळते. केंद्र सरकारने २००३ साली माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. उतारावरील जंगलतोडीला त्यामुळे आळा बसला असेल तर त्याचा लाभ खालच्या वाड्यांच्या झऱ्यांनाही होतो.

घाटवाट आणि वाटसरूंचे पाणी

कोकणातून देशावर जाणारी बोरघाटाची वाट खालापूर तालुक्यातून चढते. घाट चढण्यापूर्वीचा मुक्काम खोपोलीस पडत असे. तेथे नाना फडणवीस यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेवाचे मंदिर व दगडी बांधणीचा मोठा तलाव बांधला. बैलांचे तांडे, पालख्या आणि पायी प्रवासी यांना चढणीपूर्वी पाणी मिळावे, हा त्याचा उपयोग होता. १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ साली रेल्वेमार्ग. वाफेच्या इंजिनांनाही पाणी लागत असे. कर्जतजवळ पळसदरी येथील तलाव रेल्वेच्या पाण्यासाठी बांधला गेला.

विसाव्या शतकात याच डोंगररांगेतील पाण्याचा फार मोठ्या प्रमाणावर उपयोग सुरू झाला. टाटा समूहाच्या खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांतून घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी खाली सोडले जाते. त्यामुळे पाताळगंगा आणि पेज या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. कर्जत शहराची नळयोजना पेज नदीवर अवलंबून आहे. खालापूर तालुक्यातील धावरी नदीवरील मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे असून त्याचे पाणी शहराला जाते. परिणामी तालुक्याच्या तळात बारमाही नद्या व भरलेले जलाशय आहेत आणि त्यांच्यावर दोन-तीनशे मीटर उंचीवर हंड्यांच्या रांगा आहेत. उंचीचा हा फरक पंप, वीज आणि वीजबिल यांशिवाय ओलांडता येत नाही. झरा वाडीच्या वर असेल तर त्याचे पाणी मात्र आपल्या उताराने येते, आणि त्यामुळे लहान वस्तीला तो अधिक परवडतो. टंचाई आराखड्यात टँकरची तरतूद असते. परंतु जेथे गाडीरस्ता नाही तेथे टँकर पोहोचत नाही.

सार्वजनिकपणा आणि हक्क

झरा ‘सार्वजनिक’ आहे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न रायगड जिल्ह्यात नुसता तांत्रिक नाही. सार्वजनिक पाणवठ्यावरील हक्काचा देशातील सर्वांत महत्त्वाचा लढा याच जिल्ह्यात झाला. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालवले जाणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी लोकांनी तळ्याचे पाणी घेतले. त्यावर दाखल झालेल्या दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला. तळे वापरण्याचा केवळ स्पृश्यांचाच अनादी रूढीने अधिकार आहे, हा दावा त्यात टिकला नाही. पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई झाली.

आजचा वाद बहुधा कुंपणाचा असतो. मुंबई-पुण्याहून जवळ असल्याने या दोन तालुक्यांत शेतघरे व दुसरी घरे यांसाठी जमिनींची मोठ्या प्रमाणावर विक्री झाली आहे. झरा किंवा त्याकडे जाणारी पायवाट खासगी गटात असेल आणि नवा मालक कुंपण घालू लागला, तर वाडीचा पाणवठा एका दिवसात तुटू शकतो. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ नुसार वीस वर्षे शांततेने, उघडपणे व अखंडितपणे वापरलेल्या वाटेवर हक्क निर्माण होऊ शकतो आणि स्थानिक रूढीनेही तो मान्य होऊ शकतो. पाण्याबाबत मात्र हाच कायदा आखडता हात घेतो. ठरावीक प्रवाहातून न वाहणाऱ्या भूमिगत पाण्यावर वहिवाटीने हक्क मिळत नाही आणि जमीनमालक आपल्या हद्दीतील असे पाणी काढू शकतो. म्हणजे झऱ्याकडे जाणारी वाट वाचवता येते, पण वरच्या अंगाला कूपनलिका घेऊन कोणी पाणीच ओढले तर या कायद्याचा आधार अपुरा पडतो. ती पोकळी भूजलविषयक कायद्यांनी काही अंशी भरली. १९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन आणले आणि पुढे त्याची जागा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ ने घेतली. या संरक्षणासाठी झऱ्याची पेयजलस्रोत म्हणून शासकीय नोंद असणे निर्णायक ठरते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार कोणाच्या मालकीचे नसलेले नद्या, ओढे, तलाव व वाहते-साचलेले पाणी राज्य शासनाचे असते. याच संहितेच्या कलम १६५ मध्ये ‘वाजिब-उल-अर्ज’ या नोंदवहीची तरतूद आहे. खासगी जमिनीतील वाट, पाणी व मासेमारी यांविषयीच्या गावातील रूढी तीत नोंदवता येतात. पाणवठ्याच्या रक्षणासाठी हे साधन अत्यंत उपयोगी असूनही त्याची माहिती फारच थोड्यांना आहे. झरा वनजमिनीत असेल तर वन हक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) खाली, ग्रामसभेच्या शिफारशीने, पिण्याच्या पाण्याची सोय व जलवाहिनी यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते.

पाण्याची शुद्धता

झऱ्याचे पाणी थंड, नितळ व चवदार असते आणि त्यामुळे ते शुद्धच असते असा समज आहे. प्रवासात बाटली भरून घेणाऱ्यांत तो विशेष प्रचलित आहे. खडकातून झिरपताना पाणी गाळले जाते हे खरे. पण काळ्या पाषाणातील भेगा रुंद असतात व पाणी त्यांतून वेगाने वाहते. वरच्या अंगाला वस्ती, शौचखड्डे, गोठे किंवा उघड्यावर शौचास जाण्याची जागा असेल तर पहिल्या मोठ्या पावसात ती घाण काही तासांत झऱ्यात उतरू शकते. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर, पटकी यांच्या साथी पावसाळ्याच्या सुरुवातीला उद्भवतात, त्यामागे हे एक कारण असते.

भारतीय मानक ब्युरोच्या पेयजल मानकानुसार (आयएस १०५००) पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नयेत. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. गावपातळीवर जिवाणूंच्या प्राथमिक तपासणीसाठी एक छोटी कुपी वापरतात. तीत पाणी घालून ठेवल्यावर ते काळे पडले तर पाणी दूषित असल्याचे समजते. राज्यात ग्रामपंचायतींची पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी करून जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. टीसीएल पावडर टाकणे हे जलसुरक्षकाचे काम असते. विहिरीत किंवा टाकीत ती टाकणे सोपे आहे. सतत वाहणाऱ्या झऱ्यात मात्र तिचा उपयोग होत नाही, कारण औषध पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून उघड्या झऱ्याचे पाणी घरी नेऊन गाळून उकळणे किंवा हंड्यात क्लोरीनचे द्रावण टाकणे हाच उपाय उरतो. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

धारेखाली भांडे धरून पाणी घेणे आणि पाण्यात उतरून भांडे बुडवणे यांत मोठा फरक आहे. नारू हा रोग पाण्यात पाय बुडवणाऱ्या रुग्णामुळे पसरत असे. भारतातील त्याचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त घोषित झाला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे हा त्या मोहिमेचा भाग होता. उघड्या डवऱ्यांबाबत सावधगिरीचे तत्त्व आजही तेच आहे.

झऱ्याचे बांधकाम

झरा सुरक्षित करण्यासाठी त्याच्या मुखाशी बंदिस्त कुंडी बांधतात. प्रथम माती व सैल दगड काढून पाणी खडकातून नेमके कोठून निघते ती जागा उघडी केली जाते. तिच्यापुढे धुतलेले गोटे व खडी यांचा थर, त्यापुढे भिंत, वर झाकण आणि भिंतीत तीन नळ्या अशी रचना असते. एक नळी पाणी भरण्यासाठी, एक जास्तीचे पाणी जाण्यासाठी आणि तळाची गाळ काढण्यासाठी. वरच्या अंगाला चर खणून पावसाचे वाहते पाणी बाजूला वळवतात आणि गुरे येऊ नयेत म्हणून कुंपण घालतात.

येथे एक चूक वारंवार होते. अधिक पाणी साठावे म्हणून भिंत उंच केली जाते व पाणी मूळ मुखाच्या वर चढते. मागे दाब वाढला की झरा दुसरी भेग शोधतो आणि कुंडी कोरडी पडते. त्यामुळे जास्तीच्या पाण्याची नळी झऱ्याच्या मुखापेक्षा खालीच ठेवावी लागते आणि साठवण करायची असेल तर ती वेगळ्या टाकीत, थोडी खाली करावी लागते. अशी टाकी रात्रभराचे पाणी धरते. मिनिटाला ३ लिटरच्या झऱ्याखाली दहा तासांत १,८०० लिटर, म्हणजे १२० हंडे जमतात आणि पहाटेची रांग बरीचशी सरते.

ऱ्हास

वरच्या उतारावरील झाडी तोडणे, वणवे, उत्खनन, प्लॉटसाठी टेकड्या सपाट करणे आणि कूपनलिका ही धार कमी होण्याची मुख्य कारणे मानली जातात. रस्ते व बोगदे यांच्या कामात पाण्याचा आडवा थर छेदला गेला तर झरा जागा बदलतो. एका वाडीचा झरा बंद होऊन रस्त्याच्या कडेला नवी धार सुरू होते. पावसाळी पर्यटनाचाही भार आहे. धबधब्यांवर येणाऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या, खाद्यपदार्थांची वेष्टने आणि फुटलेली काच ज्या ओढ्यात पडते, त्याच ओढ्यात खालच्या वाडीचा डवरा असतो.

पुनरुज्जीवनाचे काम झऱ्याच्या मुखाशी नव्हे, तर त्याच्या मुरणक्षेत्रात करावे लागते, आणि खडकाच्या थरांचा कल उलटा असेल तर ते क्षेत्र डोंगराच्या दुसऱ्या बाजूसही असू शकते. त्यामुळे भूशास्त्रीय पाहणीशिवाय खणलेले चर अनेकदा वाया जातात. पुण्यातील ‘अ‍ॅक्वाडॅम’ ही संस्था हिमालयात व पश्चिम घाटात या पद्धतीने झऱ्यांवर काम करते. नीती आयोगाने २०१८ साली झऱ्यांच्या पुनरुज्जीवनावर अहवाल प्रसिद्ध केला, परंतु त्याचा भर हिमालयावर होता.

झरे आणि दरडी

डोंगरात मुरलेले पाणी उतार अस्थिरही करते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडी या ठाकूरवाडीवर अतिवृष्टीत दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीला गाडीरस्ता नसल्याने मदतपथकांना डोंगर चढून जावे लागले. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे चौकजवळ सिडकोने ४४ घरांची वसाहत बांधली.

दरडप्रवण उतारावर राहणाऱ्यांसाठी झऱ्यांतील बदल ही एक सूचना असते. नेहमीचा नितळ झरा अचानक गढूळ होणे, भर पावसात त्याची धार एकाएकी थांबणे, पूर्वी कधी पाणी नव्हते अशा ठिकाणी जमिनीतून पाणी फुटणे आणि त्याच वेळी जमिनीला भेगा जाणे किंवा झाडे व खांब कलणे ही उतार सरकू लागल्याची लक्षणे मानली जातात. अशा वेळी वस्ती तात्पुरती हलवण्याचा सल्ला दिला जातो. झऱ्यावर रोज जाणाऱ्या स्त्रियांना हे बदल सर्वांत आधी दिसतात. धोक्याची सूचना देण्याच्या गावपातळीवरील व्यवस्थेत त्यांना स्थान असणे त्यामुळे आवश्यक ठरते. स्थलांतर झाल्यावर मात्र नव्या वसाहतीत झरा नसतो. तेथे नळ असतो, आणि नळाला पाणी केव्हा येईल हे झऱ्याप्रमाणे डोंगराकडे पाहून सांगता येत नाही.